मदत हवी आहे: पावसाळी कोकणासाठी २५ लिटरची सॅक की ३०?

जुलैत चार दिवस सिंधुदुर्ग. जाताना एसटी, येताना गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान, आणि सामान चेक-इन करायचं नाही. केबिनला ७ किलो आणि ५५×३५×२५ सेंमीची मर्यादा, म्हणून रिकामी सॅक ९०० ग्रॅमच्या आत हवी. बजेट तीन हजार.

सामान पाण्याच्या बाटलीसकट साडेचार किलो. टॉवेलऐवजी पंचा, जीन्स अजिबात नाही (दमट हवेत दोन दिवस वाळत नाही). कोरडं सगळं २२ लिटरमध्ये बसतं, पण ओले कपडे वेगळे ठेवायचे तर २५ पुरेल का?

रेनकव्हरवर माझा भरवसा नाही. पाठ उघडीच राहते, पाणी मानेवरून ओघळून पट्ट्यांच्या शिवणीतून आत शिरतं. त्यामुळे आत जाड प्लास्टिकची पिशवी लावणारच आहे. रोल-टॉप (तोंड गुंडाळून बंद करायची सॅक) वापरणाऱ्यांनी सांगावं: एसटीत उभ्याने दर वेळी गुंडाळी सोडणं जमतं का, की बाहेर चेनचा कप्पा हवाच?

पाठीची लांबी ४३ सेंमी आहे, मानेच्या उठून दिसणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. एवढ्या वजनाला गादीचा कमरपट्टा नको, छातीचा पट्टा मात्र हवा.

शेवटचं: सॅकच्या कापडाला आतून असलेला पीयूचा (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारा) लेप दमटपणात चिकट होऊन पापुद्रे सुटतात. ठेवणीतल्या जुन्या स्टॉकमध्ये हे आधीच सुरू झालंय का, ते बोट फिरवून आणि वासावरून कळतं, की आणखी काही खूण आहे?