साडेअकरा हजारांची एमजीबी: रास्त भाव ठरवायचा कशावरून?

केदार_स्लाउ

वॉर्सेस्टरशायरमधली १९७२ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या छपराची) बघून आलो. गडद निळी, क्रोम बंपर, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा जादा गिअर). मालक वयस्कर आणि सज्जन, गाडीवर खरा जीव असलेले. मागणी ११,५०० पौंडांची. त्यांचं म्हणणं, अशा गाड्या जाहिरातीत तेरा-चौदा हजारांना लागल्यात, मी कमीच मागतोय.

मला हा भाव रास्त वाटत नाही. त्याही पुढे जाऊन माझं मत असं, की जाहिरातींचे आकडे बघून या गाडीचा भाव ठरवणंच चूक आहे. तो गाडीखाली आडवं पडून ठरतो.

एमजीबीला वेगळी चासी नाही. १९६२ ते १९८० या काळात अबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीचं सगळं बळ पत्र्याच्या कवचात आहे. रोडस्टरला पक्कं छप्पर नसल्यामुळे सगळी भिस्त दाराखालच्या सिलवर. सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांमध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल, अशी बंद पेटी असते. ती आतून कुजते. नीट काम करायचं तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डांची खालची टोकं कापावी लागतात, कारण बाहेरचा सिल त्यांच्या मागून जातो. स्वस्तातलं काम करणारा दिसतो तेवढ्याच भागावर नवा पत्रा चढवतो, वर लांबी (पुट्टी) भरतो, घासतो आणि रंग मारतो.

या गाडीत काय दिसलं ते सांगतो. पुढचं मडगार्ड आणि सिल यांच्यामधला सांधा डाव्या बाजूला नाहीच, सलग गुळगुळीत रंग आहे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं, तर उजवीकडे घट्ट बसलं आणि डावीकडे मागच्या चाकाच्या अलीकडे वीतभर जागेत सुटलं, म्हणजे तिथे रंगाखाली लांबी आहे. दाराच्या मागची फट खाली रुंद, वर चिंचोळी. मालकांना विचारून त्या बाजूला जॅक लावला, तर दार बंद करताना अडकायला लागलं. म्हणजे गाडी मधोमध खचते आहे.

माझा हिशेब असा. याच सालची, निर्धोक कवचाची, चालवायला तयार गाडी अलीकडे १५,०००ला विकली गेल्याचं मला पक्कं माहीत आहे. दोन्ही सिल, मडगार्डांची टोकं आणि रंग यांसाठी एका वेल्डरने ५,००० सांगितले. चाकांच्या स्प्लाइन (चाक ज्यांवर बसतं ते दाते) झिजल्या आहेत (चाक उचलून, गिअरमध्ये ठेवून हलवलं की टक्-टक् येतं), त्याचे ८००. टायरवर '२४१२' छापलंय, म्हणजे २०१२ सालचा चोविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी, रबर म्हातारं. नवे टायर ४००. पंधरातून सहा हजार दोनशे गेले, उरले ८,८००. माझ्या मते हा या गाडीचा रास्त भाव.

शर्मिला_लीड्स

केदार, निरीक्षण उत्तम, निष्कर्ष पटला नाही. रास्त भाव म्हणजे राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा जिथे भेटतात तो. तुम्ही काढलाय तो दुरुस्तीचा अंदाज. उद्या दुसरं कोणी येऊन ११,००० देऊन गेलं, तर तुमच्या ८,८००ला काय अर्थ?

आणि वजाबाकीचं हे गणित शेवटपर्यंत ताणून बघा. पूर्ण कुजलेल्या गाडीला वीस हजारांचं काम लागतं. पंधरातून वीस वजा केले तर मालकानेच तुम्हाला पाच हजार द्यायला हवेत! तरीही अशा गाड्या दोन-तीन हजारांना विकल्या जातात. का? घेणारा स्वतः वेल्डिंग करतो, आणि त्याच्या वेळेचा हिशेब तो लावत नाही. तुमचं गणित फक्त दुसऱ्याकडून काम करून घेणाऱ्यापुरतं खरं आहे.

केदार_स्लाउ

ताई, कुजलेल्या गाडीबद्दलचं मान्य. पण ११,००० देणारा येईल म्हणजे तो भाव रास्त, हे मला मान्य नाही. त्याने खालून बघितलंच नाही म्हणून तो देईल. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा सौद्यातून निघालेल्या आकड्याला बाजारभाव म्हणा हवं तर, रास्त म्हणू नका.

गॅरेजवाला_बर्मिंगहॅम

पत्र्याच्या बाबतीत केदार बरोबर आहे. एमजीबीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, कार्बोरेटर ही सगळी स्वस्त आणि सोपी कामं. १७९८ सीसीचं बी-सीरीज इंजिन या देशात कुठल्याही जुन्या मेकॅनिकला झोपेत खोलता येतं, आणि सुटे भाग दुसऱ्या दिवशी दारात. पैसा खातो तो पत्रा. अख्खं नवं कवचसुद्धा मिळतं, १९८८पासून मूळ साच्यांवर बनतंय, पण रंगाशिवायची किंमतच पाच आकड्यांत जाते.

मात्र ५,०००चा अंदाज गाडी उघडण्याआधीचा आहे, हे लक्षात ठेवा. बाहेरचा पत्रा कापल्यावर आतला पडदा शिल्लक आहे की भुगा झालाय, ते कळतं. मी स्वतः गिऱ्हाइकाला कापण्याआधी आकडा देतच नाही. तेव्हा ८,८००सुद्धा जास्त असू शकतात.

वसंतकाका

मी तिसरीच बाजू मांडतो. गाडीच्या कागदांबद्दल कोणीच बोललं नाही.

केदार, मालकांकडे फाइल होती का? वेल्डिंग चालू असतानाचे फोटो, जुन्या पावत्या, एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन-तपासणीची) जुनी प्रमाणपत्रं, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट? कारखान्याच्या नोंदवहीवरून ते देतात. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन क्रमांक काय, कोणत्या जादा गोष्टी बसवून बाहेर पडली, हे सगळं येतं. या गाड्या बहुसंख्येने अमेरिकेला गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक पुढे इथे परत आणून डावं स्टिअरिंग उजवीकडे केलं गेलं. कॅलिफोर्नियातून आलेली गाडी पत्र्याने चांगली असते, पण मग जाहिरातीत 'मूळची ब्रिटिश' लिहू नये. हे सर्टिफिकेटवर लगेच दिसतं. दोन सारख्या गाड्यांत जाडजूड फाइल असलेलीला मी दीड-दोन हजार आनंदाने जास्त देईन.

केदार_स्लाउ

काका, फाइल आहे, चांगली जाड आहे. २००९मध्ये झालेल्या कामाच्या पावत्यांची बेरीज अठरा हजारांवर जाते, आणि मालक तीच पुन्हा पुन्हा पुढे करतात. पण त्यात सिलचा एकही फोटो नाही. रंगाची पावती आहे, गालिच्यांची आहे, क्रोमची आहे. पावत्यांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत नव्हे. खर्च मालकाने स्वतःच्या हौसेने केला, आनंदही त्यांनीच उपभोगला. मी पैसे मोजायचे ते आज शिल्लक असलेल्या गाडीचे.

फाइलपेक्षा मला सरकारी संकेतस्थळावरची एमओटीची नोंद जास्त उपयोगी पडली. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी सक्तीची नाही, त्यामुळे या गाडीचंही शेवटचं टेस्टिंग २०१८चं. त्या वर्षी तपासणाऱ्याने 'डाव्या सिलला गंज, लक्ष ठेवा' असा शेरा लिहिलाय. त्यानंतर गाडी टेस्टला गेलीच नाही. 'एमओटीची गरज नाही' ही ओळ जाहिरातीत दिसली की मी आधी जुनी नोंद उघडतो. नंबरप्लेट टाकायची, दोन मिनिटांचं काम.

वसंतकाका

हे महत्त्वाचं सांगितलंस. त्या शेऱ्यानंतरचं काम फाइलमध्ये नसेल, तर तो रंग झाकण्यासाठीच मारला असं धरून चालावं लागेल. तरी फाइलबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. याच फाइलमध्ये सिलचा फोटो असता, तर तू निमूट ११,५०० दिले असतेस. म्हणजे कागदाला किंमत आहेच.

प्राची_के

एक प्रश्न सगळ्यांनाच. क्रोम बंपरचाच हट्ट का? १९७४च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी दीडेक इंच उंच केली. वळणावर ती कलते, हे खरं. पण १९७६च्या मध्यापासून मागेही अँटी-रोल बार आला आणि बराच फरक पडला. इंजिन तेच, सिल तीच, अबिंग्डनही तेच. धडधाकट रबर-बंपर गाडी मला साडेसहा-सात हजारांना दिसते आहे. केदार ८,८०० देऊन वर ६,२०० खर्च करणार, वर्षभर गाडी गॅरेजमध्ये, आणि हातात येणार पंधरा हजारांची गाडी. त्या पैशांत मी उन्हाळाभर चालवून वर आठ हजार वाचवीन. रास्त भावाचा विचार करताना दुसऱ्या पर्यायाची किंमत धरायला नको का?

शर्मिला_लीड्स

प्राचीशी शंभर टक्के सहमत, आणि याच कारणासाठी मी बाजारभावाची बाजू घेते. क्रोमला जास्त पैसे मिळतात ते पत्र्यामुळे नाही, लोकांना ती दिसायला आवडते म्हणून. केदारच्या वजाबाकीत ही आवड आधीच शिरलेली आहे. सुरुवातीचे पंधरा हजार आले कुठून? बाजारातूनच!

विमा कंपनीशी ठरवलेल्या 'अ‍ॅग्रीड व्हॅल्यू'चा आकडा दाखवून भाव सांगणारेही असतात, त्यांच्यापासून मात्र सावध. गाडी गेली तर दुसरी मिळवायला काय लागेल, याचा तो आकडा. विकून काय येईल, याचा नव्हे. लिलावाचंही तसंच. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला कमिशन आणि कमिशनवर व्हॅट वेगळा भरावा लागतो.

पुणेरी_कार्बोरेटर

पुण्याहून लिहितोय. भारतात २०२५पासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी परवान्याशिवाय आणता येते, म्हणून १९७२ची एमजीबी माझ्याही डोक्यात आहे. सीमाशुल्क भरावंच लागतं. मग विंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेत नोंदणी, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला परवानगी नाही.

पण इथे पत्र्याचं काम करणारे हात उत्तम आहेत आणि मजुरी तुमच्यापेक्षा कितीतरी कमी. सिलचे पत्रे तिकडून मागवले तरी तुमचे ५,००० पौंड मला पडणार नाहीत. माझ्यासाठी हीच गाडी १०,५००लाही रास्त ठरते. म्हणजे घेणाऱ्यागणिक भाव वेगळा.

केदार_स्लाउ

नाही, इथे मी ठाम आहे. तुमच्याकडे कामगार स्वस्त आहे ही तुमची सोय. तिचा फायदा वॉर्सेस्टरशायरच्या मालकांना का द्यायचा? तुम्हाला १०,५०० परवडतील हे खरं, पण परवडणं वेगळं आणि रास्त असणं वेगळं.

शिवाय विंटेजच्या नियमात गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी किंवा कवचात मोठा बदल नको, असं आहे. सिल दुरुस्त करणं बहुधा चालेल. आतून फारच गेलेली निघाली आणि नवं कवच घालायची वेळ आली, तर नोंदणी अडकू शकते. तुमच्यासाठी धोका माझ्यापेक्षा जास्त आहे, तेव्हा भाव कमीच हवा.

गॅरेजवाला_बर्मिंगहॅम

इंजिन क्रमांक जुळतो का, हे कोणी विचारण्याआधी सांगून टाकतो: एमजीबीत त्यापायी घासाघीस करू नका. कारखान्याकडूनच नव्याने बांधलेली 'गोल्ड सील' इंजिनं मिळायची आणि हजारो गाड्यांत बसली. जग्वार ई-टाइप असती, तर क्रमांक न जुळल्याने भाव चांगलाच घसरला असता. पाच लाखांहून जास्त बनलेल्या गाडीत गरम इंजिनवर ऑइलचं प्रेशर किती, हे जास्त महत्त्वाचं. किती होतं?

केदार_स्लाउ

गरम झाल्यावर चालताना साठच्या आसपास, आयडलला वीसच्या वर. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्यात आणि चौथ्यात लगेच लागला. इंजिनाबद्दल तक्रारच नाही, म्हणून तर जीव अडकलाय.

प्राचीताईंचं रबर-बंपरचं गणित खोडता येत नाही, पण मला क्रोमचीच हवी आहे आणि त्यासाठी जादा मोजायला मी तयार आहे. सडलेल्या सिलसाठी नाही. मालकांना आज कळवलं: माझ्या खर्चाने गाडी एमओटीला लावू आणि रॅम्पवर दोघांनी मिळून बघू. डावा सिल आतून शाबूत निघाला तर १०,५००, नाही तर ८,८००.

शर्मिला_लीड्स

म्हणजे भाव तुम्ही दोघं मिळूनच ठरवणार. मी पहिल्या उत्तरात तेच म्हटलं होतं.

केदार_स्लाउ

दोघांनी ठरवायचा, हो. पण दोघांनी खालून बघितल्यावर. मालकांचं उत्तर आलंय: एमओटीला तयार आहेत, पण दहाच्या खाली उतरणार नाहीत म्हणतात. मंगळवारची वेळ घेतली आहे.