शितावरून भाताची परीक्षा, पण घरच्या सोयाबीनचं काय?

काळीमाती (वाशीम)
घरच्या सोयाबीनचे सहा कट्टे आहेत. वरच्या कट्ट्यातले 100 दाणे ओल्या बारदान्यात ठेवले, 68 उगवले. 70 च्या खाली गेलं की बियाणं बाद, असं गावात म्हणतात. मग सगळं विकून बाजारातल्या बियाण्याच्या पिशव्याच घ्यायच्या का? शितावरून भाताची परीक्षा होते, तर शंभर दाणे पुरे झाले ना?

तिफण
भाऊ, घाईने विकू नका. शितावरून भात कळतो, कारण गंजातली सगळी शितं एकाच आधणात शिजतात. थप्पीचं तसं नसतं. तळचा कट्टा फरशीची ओल धरतो, वरून पाचांचं वजन झेलतो. तुम्ही पाहिला तो वरचा.

सहाही कट्ट्यांच्या वरून, मधून, बुडातून मूठ-मूठ काढा. ढीग नीट कालवा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन बाजूला सारा, उरलेले पुन्हा कालवा. असं करत थोडे उरले की त्यातून न निवडता 400 मोजा. निवडायला बसलं की हात आपसूक टपोऱ्या दाण्यावर जातो.

आणि 68 हा आकडा दगडावरची रेघ नाही. शंभरात 68 आले तर खरी उगवण साधारण 59 ते 77 मध्ये कुठेही असू शकते. चारशेवर तोच आकडा आला तर 63 ते 73. दाणे चौपट केले की चूक निम्मी होते. प्रयोगशाळेतही 100-100 चे चार गट लावतात ते यासाठीच.

बांधावरून
वरच्याला जोड. बारदाना धुतलेला घ्या, खताचा नको. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्याला दाणा लागू देऊ नका. सुरळी सैल करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. पाणी निथळत राहिलं तर दाणा गुदमरून सडतो, मग दोष उगाच बियाण्यावर येतो.

सातव्या-आठव्या दिवशी मोजा. 70 च्या खाली दर टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं: 70 ला 30 किलो, 68 ला 31, 60 ला 35. साठच्याही खाली आलं तर पेरू नका.

तोवर कट्टे लाकडी फळ्यांवर ठेवा आणि उचलून ठेवा, आपटू नका. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीला लागूनच. आपटलेला दाणा वरून धडधाकट दिसतो, पण ओल लागली की फुगून फुटतो.

काळीमाती
मोड आलाय पण मूळ तपकिरी, टोक गळालेलं. तो धरायचा का?

बांधावरून
नाही. मूळ पांढरं, सरळ, दोन्ही दलं शाबूत, तोच मोजा. बारदान्यात नुसता मोड दिसला म्हणून धरला तर शेतात तो मातीचा थर फोडून वर येत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, आणि 5 सेंटीमीटरच्या खाली दाणा जाऊ देऊ नका.