नवा लॅपटॉप, ३०० चा प्लॅन, तरी वायफाय ४० च?

मंडळी, घरी ३०० एमबीपीएसचा फायबर, फोनवर २८० येतं पण नव्या लॅपटॉपवर ४० च्या वर जातच नाही, लिंक स्पीड (लॅपटॉप-राउटरमधल्या जोडणीचा वेग) ७२ दाखवतंय आणि राउटर तर शेजारच्याच टेबलावर आहे, काय करू?

> भाऊ, ७२ म्हणजे तू वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संथ बँडवर आहेस. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव वेगळं ठेव नि त्याला जोड.

> जोडलं! लिंक ४३३, स्पीड २३०. यापुढे नाही का?

> नाही, ४३३ म्हणजे वायफाय ५ या पिढीचं, एका अँटेनाचं वायफाय कार्ड, निम्म्याच्या थोडं वरच हातात येतं. कार्ड बदलता येतं, पण आधी कव्हर उघडून दुसरी अँटेनाची वायर आहे का बघ, आणि प्रोसेसर एएमडी असेल तर इंटेलचं एएक्स२०१ कार्ड घेऊ नको, चालतच नाही, एएक्स२१० घे.