बाळाला हाताच्या खुणा शिकवल्या तर बोलणं लांबतं का?

ऊनसावली
लेक दहा महिन्यांची आहे. आम्ही तिला चार-पाच खुणा शिकवतोय. मूठ उघडमीट केली की दूध, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एकमेकांवर टेकवली की 'अजून', हात फिरवले की 'पुरे'. सासूबाईंना हे पटत नाही. "हाताने मागितलं की मिळतं म्हटल्यावर ती तोंड कशाला उघडेल?"

माझं मत उलट आहे. ओठ, जीभ आणि श्वास यांचा मेळ बसून 'पाणी' म्हणायला वेळ लागतो. बोट दाखवणं, हात हलवणं त्याच्या कितीतरी आधी जमतं. मधल्या काळात बाळाने फक्त रडूनच सांगायचं का? ॲक्रेडोलो आणि गुडविन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ११ महिन्यांच्या १०३ बाळांपासून सुरुवात करून जो अभ्यास केला (२०००), त्यात खुणा शिकलेली मुलं बोलण्यात मागे पडली नाहीत, उलट पुढेच होती.

कडूगोड
बोलणं लांबत नाही हे मान्य. 'पुढे जातात' हे मात्र मला अजिबात मान्य नाही. २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं. काहींना हावभाव शिकवले, काहींना ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा, काहींना नुसते शब्द आणि काहींना काहीच नाही. भाषेत फरक पडला नाही. असं असताना 'बुद्धी वाढते' म्हणून बाळांच्या खुणांच्या क्लासची फी घेणं ही सरळ फसवणूक आहे. आपल्याकडे प्रत्येक घरात टाटा, बाप्पाला नमो, टाळ्या हे चालूच असतं. त्याला पैसे पडत नाहीत.

पाणकणीस
ताई, खुणेबरोबर शब्द म्हणता ना? मुकाट्याने हात हलवून दूध देत असाल तर सासूबाईंचं बरोबर आहे.

ऊनसावली
दर वेळी म्हणते, तिच्या डोळ्यांत बघून.

कडूगोड, त्याच अभ्यासात एक गोष्ट दिसली होती, ती तुम्ही सोडलीत. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देत होत्या. मला तेच हवंय. परवा उपमा भरवताना तिने 'अजून' केलं. मी चमचा पुढे केला तर मान फिरवली. पुन्हा 'अजून', आणि नजर खिडकीकडे. कठड्यावरचा कावळा उडून गेला होता, तो तिला परत हवा होता. खूण शिकवली नसती तर मी 'पोट भरलं' समजून वाटी उचलली असती.

मातीचा रंग
माझा मुलगा कर्णबधिर आहे. तुमच्या सासूबाईंचं वाक्य आम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय, तेही तज्ज्ञांच्या तोंडून. "खुणा करू नका, आळशी होईल, बोलणार नाही." १८८० मध्ये मिलानला बधिर शिक्षणाची परिषद भरली. तिथे ठराव झाला, की शिकवायचं ते बोलूनच, खुणा नकोत. त्याची सावली अजून गेलेली नाही. आम्ही ऐकलं. तो घरात हात हलवायचा आणि आम्ही त्याचे हात खाली धरायचो. चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे ना शब्द होते, ना खुणा. ताप आला तर कुठे दुखतंय हेही सांगता येत नव्हतं.

हे ज्ञान नवीन नाही. पेटिटो आणि मॅरेंटेट या संशोधकांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं, की बधिर आईबापांची बधिर बाळं हातांनी बडबडतात, जशी आपली बाळं 'बाबाबा' करतात. भाषा कानातून आली काय आणि डोळ्यांतून आली काय, मेंदू ती घेतो. मग ऐकू येणाऱ्या बाळाने खूण केली की 'किती हुशार', आणि माझ्या मुलाने केली की 'हात खाली', हा न्याय मला सहन होत नाही.

आणखी एक. तुम्ही सांगितलेल्या 'दूध' आणि 'अजून' या खुणा अमेरिकी सांकेतिक भाषेतल्या आहेत. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. 'कोण', 'कुठे' हे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात. इंग्रजी मुळाक्षरं आपण दोन हातांनी दाखवतो, अमेरिकेत एका हाताने. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश आहे, व्हिडिओसकट. शिकवायचंच तर तिथलं शिकवा.

कडूगोड
तुमच्या मुलाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. कर्णबधिर बाळाला खुणा मिळायलाच हव्यात, त्यावर वाद नाही. पण त्याची ती गरज आहे, ऐकू येणाऱ्या बाळाचा तो छंद आहे. दोन्ही एका तराजूत घालू नका. माझी खरी भीती वेगळीच आहे. बाळ चार खुणा करतंय म्हणून आईवडील निश्चिंत राहतात आणि ऐकू येत नाही हे उशिरा कळतं. जन्मल्यावर ओएई ही आतल्या कानाची चाचणी करा, शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं गणित आहे. बडबड सुरू होऊन थांबली किंवा दीड वर्षात एकही शब्द आला नाही, तर खुणांच्या भरवशावर थांबू नका.

मातीचा रंग
तपासणीबद्दल शंभर टक्के. 'छंद' म्हणा हवं तर, पण तो छंद असलेली चार मुलं आमच्या इमारतीत असती तर माझा मुलगा खाली खेळायला गेला असता. आता तो गॅलरीतून बघतो.

ऊनसावली
ओएई झाली आहे, ठीक आली. कोशातून आधी कोणते दहा शब्द घेऊ, सांगाल का? 'दूध', 'पाणी', 'पुरे' बदलायला लागतील, पण ती अजून लहान आहे, बदलतील.

मातीचा रंग
मागण्यांनी सुरुवात करू नका. कावळा, मांजर, पाऊस, आजी घ्या. मागण्या ती रडून सांगतेच. क्लास लावू नका, आणि जमलं तर एखाद्या बधिर व्यक्तीकडून शिका.

कडूगोड
क्लासबद्दल तरी आपलं एकमत झालं.