कुलधरा "एका रात्रीत ओस पडलं" हे आता पुरे करा

रानवाट
कालपासून सगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. जैसलमेरजवळचं कुलधरा, दिवाण सालमसिंगाची मुखियाच्या पोरीवर नजर पडली, पालीवाल ब्राह्मणांची ८४ गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली. इथवर मी गप्प बसलो असतो, पण खाली लिहिणाऱ्याने स्वतःचं ज्ञान जोडलंय की "वाळवंटात शेती करायचा हट्टच मुळात चुकीचा, ते गाव टिकणारच नव्हतं". हे वाचून डोकं फिरलं.

अहो, तेराव्या शतकाच्या सुमारास मारवाडातल्या पालीहून आलेली ही माणसं, वर्षाला २०० मिमी पण पाऊस पडत नाही तिथे पाचसहाशे वर्षं गहू-हरभरा पिकवत राहिली. टिकणं म्हणजे अजून काय असतं? आणि एका रात्रीचं म्हणाल तर कर्नल टॉड या इंग्रज अधिकाऱ्याने १८१५ च्या हिशेबात कुलधरात २०० घरं आणि ८०० माणसं लिहिलीत, त्याआधी तिथे दीड हजारांवर वस्ती होती असा अंदाज आहे, आणि जैसलमेरच्या तवारिखेत, म्हणजे तिथल्या इतिहासाच्या पुस्तकात, १८९० ला ३७ माणसं नोंदलीत. एका रात्रीत सगळे गेले तर ही ३७ कोण? गाव हळूहळू रिकामं झालं, करापायी झालं. सालमसिंगाने पिळून काढलं हे टॉडनेच लिहून ठेवलंय, त्यात पोरीची गोष्ट घुसडायची गरज काय?

भटक्या नाशिककर
गरज काय म्हणजे? लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं सगळं खोटं आणि एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलं ते खरं? बरेच पालीवाल आजही राखीपौर्णिमा करत नाहीत, पाली सोडताना झालेल्या कत्तलीची आठवण म्हणून. ती कोणत्या वहीत लिहून ठेवली होती? माणसांच्या मनातच राहिली ना. मी दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन गेलो होतो, गाईड सांगत होता तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाच्या इज्जतीसाठी सगळ्यांनी घरदार सोडलं, ही गोष्ट तुम्हाला नको असेल तर नका ऐकू.

रानवाट
आईंच्या भावनेबद्दल मी काही बोललो नाहीये दादा. राखीचं तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण त्याच लोकांनी बांध घालून रान पिकवलं हे गाईडने सांगितलं का? नाही ना? हाच राग आहे माझा.

हिशेबी
भावना बाजूला ठेवून बोलू. खडीन, म्हणजे ही बांध घालून शेती करायची पद्धत, एवढी भारी होती तर लोक का गेले? १८१५ पर्यंत गावातल्या बहुतेक विहिरी आटल्या होत्या, १८५० ला एक बारव आणि दोन खोल विहिरी तेवढ्या चालू होत्या. कर जास्त असेल हो, पण पाणीच नसेल तर कर माफ केला तरी माणूस राहत नाही. २०१७ ला तर काही भूवैज्ञानिकांनी पडलेल्या भिंती बघून भूकंपाची शक्यता मांडली. म्हणजे सगळा दोष एका दिवाणावर ढकलणं हीसुद्धा तुमची गोष्टच झाली. मी पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलंय, वाळवंटाला उत्तर एकच, कालवा. १९५८ ला राजस्थान कालव्याचं काम सुरू झालं, पंजाबातल्या हरिकेपासून पाणी आणलं, आज लाखो हेक्टर भिजतंय. जुन्या बांधांच्या आरत्या ओवाळून पोट भरत नाही.

जोधपूरकर
काका, मी मुंबईची, पण मिस्टरांच्या नोकरीमुळे बरीच वर्षं जैसलमेर-जोधपूरकडे काढलीत, म्हणून लिहिते. विहिरीचं पाणी आणि खडीन एकात मिसळू नका. विहीर पिण्याची, खडीन शेतीची. वर उघडा खडकाळ माळ असतो, तिथे पडलेलं पाणी मुरत नाही, सगळं उताराने खाली येतं, आणि खाली जिथे खोल माती आहे तिथे आडवा मातीचा बांध. श्रावण-भाद्रपदात गेलात तर तळं वाटतं, बगळे उतरलेले असतात. दिवाळीच्या पुढेमागे पाणी मुरतं, उरलेलं मोरीतून काढून देतात, आणि त्या ओलीवर गहू नाहीतर हरभरा पेरतात. नंतर एक पाणी द्यायचं नाही! मी स्वतः तो गहू उभा बघितलाय, बांधाच्या अलीकडे हिरवंगार आणि पलीकडे नुसते दगड. वाहून आलेला गाळ आणि माळावर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या, हेच खत. पालीवाल गेले तरी त्यांच्या कित्येक खडिनी दुसरी माणसं आजही कसतायत. पद्धत फसली असती तर बांध कधीच फुटून गेले असते.

कालव्याने माणसं जगली हे खरंच, मी नाही म्हणणार नाही. पण त्याच कालव्यावरच्या हनुमानगडकडे "सेम" काय चीज आहे ते बघून या. खाली जिप्समचा घट्ट थर, पाणी खाली जात नाही, वर फुगतं, शेतात शेवाळं आणि मीठ. ज्यांची जमीन गेली त्यांना विचारा कालव्याचं कौतुक.

माणदेशी
ताईंनी दुखत्या नसेवर बोट ठेवलं. आमच्याकडे त्यांच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात टँकर! का? कारण शेततळं म्हणून जे चाललंय ते पाणी अडवणं नाहीच. प्लॅस्टिक अंथरायचं आणि बोअर लावून जमिनीतलं पाणी उपसून वर ठेवायचं. उन्हात बरंचसं उडून जातं. आमच्या शेजारच्या बागायतदाराने तसं तळं केलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात आमची आज्याच्या काळातली विहीर कोरडी पडली. वडील त्या विहिरीच्या काठावर बसून असायचे, बोलायचे नाहीत कुणाशी. अनुदान त्याला, टँकर आम्हाला.

हिशेबी
विषय कुलधरा आहे, तुमच्या शेजाऱ्याचं भांडण नाही. आणि शेततळ्यांमुळे डाळिंब-द्राक्षाच्या बागा वाचल्या हे पण लिहा की. एका विहिरीवरून अख्खी योजना नासकी ठरवू नका.

माणदेशी
भांडण?? ज्याची विहीर गेली तो भांडखोर आणि ज्याने उपसली तो प्रगतशील? तुम्ही आयुष्यभर ऑफिसात बसून नकाशे काढलेत, उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरमागे पळालात का कधी? बागा कुणाच्या वाचल्या, ज्याच्याकडे बोअर मारायला पैसा होता त्याच्या!

हिशेबी
ऑफिसात बसून नाही, साईटवर उन्हातान्हात उभा राहिलोय, धरणाच्या भिंतीवर. माहिती नसताना बोलू नका. भूजलातून तळं भरू नये हे बरोबर आहे, आमच्यातले कित्येक जण हेच सांगत होते, कुणी ऐकलं नाही. पण म्हणून सगळा महाराष्ट्र खडिनीवर आणणार का?

जोधपूरकर
कुणी म्हटलंच नाही तसं. वरचा माळ शेतापेक्षा कितीतरी पट मोठा लागतो, तो मोकळा ठेवावा लागतो, आणि बांध कुठे घालायचा हे गावाने मिळून ठरवावं लागतं. वरच्या माणसाने मध्येच पाणी अडवलं तर खालचा मेला. माणदेशी दादांचं दुखणं तेच तर आहे. पालीवालांकडे माती-उताराची जाण तर होतीच, पण वरच्याने खालच्याचं पाणी तोडायचं नाही हे ते पाळत आले. ते ८४ गावांत कसं पाळलं असेल हे कुणी विचारत नाही, भूत दिसलं का एवढंच विचारतात.

भटक्या नाशिककर
ठीक आहे, खडिनीचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण शापाची गोष्ट काढून टाकली तर तिथल्या गाईड पोरांनी खायचं काय? त्या गोष्टीवरच माणसं येतात तिथे.

रानवाट
माणसं येतात ना, मग त्यांना गावाबाहेर बांधावर पण न्या. स्मारकशिळा आहेत तिथे, भाटिक संवत, म्हणजे जैसलमेरची जुनी कालगणना, कोरलेल्या, त्या दाखवा. गाईडला मराठी माणूस प्रश्नच विचारत नाही, सालमसिंगाच्या हवेलीसमोर फोटो काढून पुढे निघतो.

भटक्या नाशिककर
आम्ही हवेलीत नुसते फोटो काढले हे तुम्हाला कुणी सांगितलं? परत व्यक्तिगत घसरलात.

जोधपूरकर
भांडू नका हो. जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, पाऊस बरा झाला असेल तर गहू उभा सापडेल. आणि शेतात उतरण्याआधी कसणाऱ्याला विचारा, ओल्या रानात पर्यटक बूट घालून शिरतात त्याचा त्यांना फार त्रास आहे.