काजूच्या बागेत रात्री शिरणारे शिकारी

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या काजूच्या बागेत रात्री ठासणीच्या बंदुका घेतलेली माणसे रानडुकराच्या मागावर शिरतात आणि कुंपणालगत फासक्या लावून जातात. खासगी जमिनीत याला कायद्याने अटकाव आहे का?

प्रतिसाद : आहे. जमीन कोणाचीही असो, परवानगीविना शिकार करणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार गुन्हाच आहे. बेकायदा प्रवेशाबद्दल पोलिसांत वेगळी तक्रार करावी.

प्रतिसाद : फासक्या स्वतः काढू नका. एक तर पुरावा नष्ट होतो, आणि क्लचवायरच्या अशाच फासकीत बिबट्याही अडकतो, ज्याच्या जवळ जाणे जिवावर बेतू शकते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

प्रतिसाद : रात्री बॅटरीशिवाय बागेत फिरू नका, झुडपातली हालचाल पाहून गोळी झाडणारा (बहुधा प्यायलेलाही) समोर कोण आहे, हे तपासत नाही.