मदत हवी आहे: नागरिक विज्ञानाच्या (म्हणजे सामान्य लोकांनी केलेल्या वैज्ञानिक नोंदींच्या) कामाला सरकारी अनुदान मिळतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही अकरा जण तीन वर्षं झाली दर रविवारी सकाळी एका ओढ्याचं पाणी तपासतोय, तापमान, पीएच, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन, कुणी शिक्षक कुणी रिटायर्ड दोन कॉलेजची पोरं, पैसे कुणालाच मिळत नाहीत तरी रविवार चुकत नाही. आता मात्र अडलोय. पीएच मीटर 7 च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो त्या द्रावणात) बुडवला की 7.4 दाखवतो, कॅलिब्रेट केलं, म्हणजे त्या द्रावणावर आकडा जुळवून घेतला, की दोन दिवस नीट चालतो आणि परत सरकतो. नवीन इलेक्ट्रोडला, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडवायच्या दांडीला, वर्गणी पुरत नाही.

वह्या घेऊन एका सरकारी ऑफिसात गेलो तर साहेबांनी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत, "प्रमाणित डेटा नाही" म्हणाले, संपलं. फार लागलं मनाला. अमेरिकेच्या हवामान खात्याचं स्वयंसेवकांचं जाळं 1890 पासून चालू आहे, लोकांच्या रोजच्या नोंदींवर तिथे हवामानाचा इतिहास उभा आहे, आणि 2017 मध्ये तर सरकारी खात्यांना नागरिक विज्ञान वापरता यावं म्हणून कायदाच झाला. मग आमच्या वह्या का नकोत?

नोंदणी नसलेल्या गटाला थेट अनुदान मिळतं का की विद्यापीठाला पुढे करावं लागतं? आणि मग डेटा कुणाचा? कुणी अर्ज केला असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
विद्यापीठाला सोबत घेतलंत तर सोपं जातं, पण डेटा सगळ्यांना खुला राहील हे करारात आधीच लिहून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही. अर्जात बफर, इलेक्ट्रोड, दुरुस्ती हा खर्च वेगळा दाखवा, लोक नुसतं उपकरण मागतात आणि वर्षभरात ते कपाटात जातं. "प्रमाणित नाही" याला उत्तर म्हणजे क्वालिटी प्लॅन: कोण मोजतं, कॅलिब्रेशन कधी केलं, किती नमुने दोनदा तपासले, सगळं लेखी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2019 मध्ये यासाठीच हँडबुक काढलंय, तयार नमुना फॉर्मसकट, त्यावरून करा. आणि इलेक्ट्रोड ठेवता कशात? डिस्टिल्ड पाण्यात ठेवलात तर खराब होतो, स्टोरेज सोल्युशन लागतं.

धागाकर्ता:
डिस्टिल्ड पाण्यातच ठेवत होतो हो! आजच बदलतो. कॅलिब्रेशनच्या तारखा वहीत आहेत, त्या आधी टाइप करायला घेतो. मनापासून आभार.